पाहुण्याचा उपास

ताईकडे गेलं की आधी हात धुवायचे. एकदा आपण आपल्या मनाने धुवायचे, मग ती येऊन नखं बघणार आणि म्हणणार, "पुन्हा." मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, माझ्या हाताखाली दोन माणसं काम करतात, पण ताईच्या बेसिनपुढे मी अजून सात वर्षांचीच असते. त्यात माझं काम असं की हात कधी स्वच्छ नसतातच. मी ग्रंथालयात जुनी पुस्तकं उसवून पुन्हा शिवते, त्यांना नवे पुठ्ठे चढवते. दिवसभर बोटं खळीत. त्या खळीला एक आंबूस वास असतो, जो मला येत नाही आणि ताईला मी जिन्यात असतानाच येतो.

ताई तेहतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, पण ते फक्त कागदावर. एकदा तिने एका मोठ्या सर्जनला हात पुन्हा धुवून यायला सांगितलं होतं आणि त्याने मुकाट्याने धुतले होते. ही गोष्ट ती सांगत नाही, मी सगळीकडे सांगते. नाकावर माशी बसू देत नाही म्हणतात तशी ती आहे. बसलीच तर माशीलाही आधी पाय पुसायला लावेल. तिचं घर म्हणजे लख्ख. माझी भाची, म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, लहानपणी म्हणायची, "आई, सगळ्यांच्या घराला कसलातरी वास असतो. आपल्याच घराला नाही." ताईला ते कौतुक वाटायचं. चार लोकांत सांगायची.

अशा घरात अजगर आला.

भाची कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणीने पंधरा दिवस सांभाळ म्हणून काचेची पेटी आणून ठेवली. पंधरा दिवसांची सात वर्षं झाली. त्या मैत्रिणीचं लग्न झालं, मोडलं, दुसरंही झालं. पेटी न्यायला काही ती आली नाही. म्हणून त्याचं नाव पाहुणा. अजगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बकरी गिळून पडलेलं धूड येतं. हा तसा नाही. बॉल पायथन नावाची ठेंगणी जात आहे ती. सव्वा मीटर लांब, मनगटाएवढा जाड, तपकिरी अंगावर पिवळसर डाग, आणि स्वभावाने इतका भित्रा की कुणी दार आपटलं तर स्वतःचं डोकं स्वतःच्याच वेटोळ्यात लपवून चेंडू होऊन बसणार. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सोफ्यावर उभी होते आणि तो पेटीच्या कोपऱ्यात. दोघांची अवस्था सारखीच होती.

पहिली तीन वर्षं ताई त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. भावजी जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, मुलीचं मन रमतंय म्हणून तिने पेटी राहू दिली, इतकंच. तेव्हा भाची त्याला जिवंत उंदीर द्यायची. दुकानदाराने तसंच शिकवलं होतं. उंदीर पेटीत सोडायचा, दार लावायचं आणि अर्ध्या तासाने यायचं. एकदा तिने उंदीर सोडला आणि आंघोळीला गेली. पाहुणा तेव्हा कात टाकायला आला होता. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ होतात, धड दिसत नाही, खायची इच्छा नसते. तो पडून राहिला. उंदीर मात्र घाबरलेला होता, आणि पेटीत पळून पळून किती पळणार? शेवटी त्याने पाहुण्याच्या पाठीवर दात लावले, आणि पाहुण्याने चेंडू होऊन ते सहन केले. लोकांना वाटतं सापाच्या पेटीत मरतो तो उंदीर. प्रत्येक वेळी तसं नसतं.

ताई ड्यूटीवरून आली तेव्हा मुलगी जमिनीवर बसून हमसून हमसून रडत होती आणि पाहुण्याच्या पाठीवर रुपयाएवढी जखम होती, आत मांस दिसत होतं. ताईचं एक आहे. तिला साप दिसला तर ती मागे सरेल, पण जखम दिसली की पुढे येणार. ओव्हनचा जाड हातमोजा घालून तिने आधी उंदराला बाहेर काढलं, मग बाह्या सरसावल्या आणि जन्मात पहिल्यांदा साप हातात घेतला. पुढचे सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ तिने त्याचं ड्रेसिंग केलं. मी एकदा बघायला गेले तर ती त्याला म्हणत होती, "हं, झालंच, एवढंसं झोंबेल." अगदी तोच आवाज, जो मी माझ्या अपेंडिक्सच्या वेळी ऐकला होता. सहा आठवड्यांनी जखम भरली, व्रण राहिला आणि घरात नियम झाला: यापुढे इथे जिवंत प्राणी कुणाच्याही पुढ्यात टाकायचा नाही. आधी मारून गोठवलेले उंदीर मिळतात, तेच आणायचे, कोमट करून चिमट्याने द्यायचे.

मी वाद घालायला म्हणून म्हटलं, "अगं, पण तोही कुणीतरी मारलेलाच ना? तुझ्या समोर नाही मेला, एवढंच."

"मारलेलाच आहे," ताई म्हणाली. "मी कुठे नाही म्हणतेय? पण ज्याने मारला त्याने झटकन मारला, गॅसने, झोपवून. तीस वर्षं मी टेबलाशी उभी राहिलेय. मरण मला बघवतं. भूल द्यायच्या आधीची ती दोन मिनिटं असतात ना, माणूस छताकडे बघत पडलेला असतो, ती नाही बघवत. त्या वेळी हात धरावा लागतो. काचेच्या पेटीत त्या उंदराचा हात कोण धरणार?"

 

गोठवलेले उंदीर पाहुण्याने विनातक्रार खाल्ले, चार वर्षं. भाची स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये पिशवी गरम पाण्यात टाकायची, फोनवर बोलत बोलत उंदराच्या डोक्यावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारायची, चिमट्यात धरून पाहुण्यापुढे हलवायची, की तो झेप घेऊन धरायचा. मेलेल्या उंदरालाही तो गच्च वेटोळं घालायचा, जसा काही तो पळूनच जाणार होता! ताई मागे उभी राहून म्हणायची, "सिंक धू. पुन्हा धू."

मग भाचीला नोकरी लागली. पुलांचे आराखडे काढायचं काम, विमानाने जावं लागतं एवढ्या लांब. पाहुण्याला नेता येत नव्हतं. जाताना तिने आईच्या गळ्यात पडून सांगितलं, "आई, याला जप." ताई म्हणाली, "तू स्वतःला जप." विमानतळावरून परत आल्यावर आम्ही चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले, म्हटलं ताई एकटी असेल, रडत बसली असेल. कुठलं रडणं! बाईसाहेबांनी मुलीची खोली धुवायला काढली होती. चादरी, अभ्रे, पडदे, गोधडी, कपाटातला सगळा जुना स्वेटरांचा ढीग, सगळं जंतुनाशकात भिजलेलं. मलाही फडकं दिलं. दुपारपर्यंत खोली अशी झाली, जसं काही तिथे कधी कुणी राहिलंच नव्हतं. मला ते बरं वाटलं नाही, पण ताईला सांगायची सोय नसते.

त्या आठवड्याच्या गुरुवारी ताईने पहिल्यांदा स्वतः पाहुण्याला वाढलं. वाढलं कसलं, ऑपरेशनच केलं. ट्रे, त्यावर गॉज, नवे हातमोजे, लांब चिमटा, सगळं ओळीने मांडलेलं. मी दारात उभी होते, तर म्हणाली, "आत येऊ नकोस, तुझे हात खळीचे." पाहुण्याने उंदराकडे पाहिलं, जीभ दोनदा आतबाहेर केली आणि तोंड फिरवलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतर पुन्हा. ताईने उंदराचा आकार बदलून पाहिला, वेळ बदलली, खोलीत अंधार केला, पेटीच्या उष्णतेचा आकडा दर तासाला लिहिला. पेटीवर तिने दवाखान्यात लावतात तसा तक्ता लावला होता. तारीख, वजन, 'घेतले' आणि 'नाकारले' असे दोन रकाने. 'घेतले'चा रकाना कोराच राहिला. वजन एक हजार सहाशे चाळीस ग्रॅमवरून उतरत उतरत एक हजार तीनशे नव्वदवर आलं. पाठीचा कणा वर दिसायला लागला. पाच महिने झाले.

"तिची आठवण काढतोय तो," ताई म्हणाली. "तिच्याशिवाय खात नाही."

सापाला आठवण येते का, हे मला ठाऊक नाही. पण शेजारीण तेच म्हणाली, मीही तेच म्हटलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. ताईने ते इतकं मनावर घेतलं की पेटीसमोर खुर्ची टाकून बसायला लागली. "मी आहे ना रे," म्हणायची. एवढी करारी बाई, आणि सापाची मनधरणी करताना बघून मला हसूही येई आणि वाईटही वाटे.

खरी अडचण पुढेच होती. ताई मुलीशी खोटं बोलली होती. पहिल्या वेळी फोनवर भाचीने विचारलं, "जेवला का गं पाहुणा?" तर ताईच्या तोंडून निघून गेलं, "हो, जेवला." का, तर ती नव्या जागी, नवी नोकरी, उगाच जिवाला घोर नको. एकदा 'जेवला' म्हटल्यावर पुढच्या नऊ वेळाही जेवलाच म्हणावं लागलं. ज्या बाईने आयुष्यात कधी तापमान अर्ध्या अंशाने चुकीचं लिहिलं नाही, ती दर पंधरा दिवसांनी मुलीला खोटा रिपोर्ट देत होती. आणि आता भाची तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येणार होती, पुढच्याच महिन्यात. "आई, येत्या गुरुवारी त्याचा खातानाचा व्हिडिओ पाठव ना," तिने सांगितलं. "मला बघायचाय."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, आजार काही नाही, पण आणखी पंधरा दिवसांत खाल्लं नाही तर नळीने भरवावं लागेल, आणि त्यात धोका असतो. ताईने मला मंगळवारी फोन केला. आवाज बारीक झाला होता. "जिवंत आणायचा ठरवलाय. तू चल बरोबर."

दुकानदार साठीचा होता, कपाळावर चष्मा, मांडीवर एक म्हातारा ससा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मी सात वर्षं तुमच्या मुलीला सांगतोय, साप आहे तो. हालचाल दिसल्याशिवाय त्याला अन्न वाटत नाही. जिवंत टाका, दोन मिनिटांत काम होतं."

"मागे झालं होतं दोन मिनिटांत," ताई म्हणाली. "व्रण आहे अजून पाठीवर."

"मग लक्ष ठेवून उभ्या राहा." त्याने पिंजऱ्यात हात घालून एक पांढरा उंदीर उचलला आणि बाजूला बघतच खोक्यात ठेवला. "मलाही काही आवडत नाही हो," तो म्हणाला. "पण कुणीतरी जगायचं म्हणजे कुणीतरी जायचंच."

बाहेर आल्यावर ताईने ते खोकं माझ्या हातात दिलं. "गुरुवारपर्यंत तुझ्याकडे ठेव. आजारी निघाला तर कळेल. आणि मला त्याचं तोंड बघायचं नाही." असं माझ्या लहानशा घरात दोन दिवस उंदराने मुक्काम केला. माझ्याकडे भुसा कुठला? मी बांधणीतल्या कागदाच्या कातरणांचा ढीग खोक्यात टाकला, बिस्किट दिलं, पाणी दिलं. दोन दिवसांत त्या कातरणांची त्याने जी दशा केली ती सांगण्यासारखी नाही. मी काही ती बदलली नाही. मी धांदरट आहे, आणि शिवाय म्हटलं, दोनच दिवसांचा तर प्रश्न.

गुरुवारी संध्याकाळी पाचला मी खोकं घेऊन पोचले. दारातच ताईचं नाक वर गेलं, पण त्या दिवशी तिला वाद घालायचंही त्राण नव्हतं. खोलीत सगळी मांडामांड होतीच. शेवटचा प्रयत्न म्हणून तिने एक गोठवलेला उंदीरही तयार केला होता. आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा आत उभी राहून तिची तयारी पूर्ण पाहिली. उंदीर कोमट पाण्यातून काढल्यावर तिने तो जंतुनाशकाच्या पाण्यात दोनदा बुडवला, साबणाने चोळला, स्वच्छ पाण्याने खळाळून धुतला, गॉजने टिपला आणि गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलेल्या ट्रेमध्ये निजवला. पांढराशुभ्र, फुललेला, औषधाच्या दुकानासारखा वास येणारा उंदीर. मला यात काही वावगं वाटलं नाही. ताई सगळंच धुते.

पाहुण्याने जीभ काढली, तोंड फिरवलं.

"ठीक आहे," ताई म्हणाली. तिने चिमटा ठेवला, जाड हातमोजा चढवला आणि माझ्या खोक्यात हात घातला. उंदीर पळाला नाही. उलट तिच्या तळहातावर चढून बसला, मागच्या दोन पायांवर, आणि पुढच्या दोन पंजांनी तोंड धुवायला लागला. आधी नाक, मग मिश्या, मग कानांच्या मागे. मन लावून. पुन्हा एकदा नाक.

ताई बघत राहिली. "किती नीट धुतोय गं," ती म्हणाली. मग तिने दुसरा हातमोजा काढून उघडं बोट त्याच्या छातीला लावलं आणि तिचा चेहराच उतरला. "काळीज बघ याचं. नुसतं धडधडतंय. आणि ना भूल, ना काही." तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ताईच्या डोळ्यांत मी भावजींच्या नंतर पहिल्यांदा पाणी पाहिलं. "नाही जमत मला. याला टाकवत नाही आणि त्याला मरताना बघवत नाही. मी काय करू?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. भाचीचा, व्हिडिओसाठी. ताईने उंदीर खोक्यात ठेवला, पदराने डोळे टिपले. "सांगून टाकते तिला. पाच महिन्यांचं सगळं खोटं सांगून टाकते." आणि गेली.

खोलीत मी, पाहुणा आणि दोन उंदीर. पेटीचं दार उघडंच होतं. मी म्हटलं, निदान आवरून तरी ठेवू. एका हाताने खोक्याचं झाकण लावायला आणि दुसऱ्या हाताने ट्रे उचलायला गेले. मी जन्मभर दोन कामं एकदम करत आले आहे आणि जन्मभर ती अंगाशी आली आहेत. ट्रे कलंडला. ताईने एवढा घासून पुसून ठेवलेला उंदीर थेट त्या खोक्यात, घाण कातरणांत पडला. जिवंत उंदीर दचकून त्याच्या अंगावरून दोनदा धावला. मी घाबरून चिमट्याने मेलेला ओढून काढला तर त्याच्या अंगभर ओल्या कागदाचे तुकडे, आणि वास असा की काही विचारू नका. ताई बघेल तर मला पेटीत टाकेल, अशा विचाराने मी तो लपवायला जागा शोधत होते. आणि मग मला वाटलं, कुणीतरी माझ्याकडे बघतंय.

पाहुण्याचं डोकं पेटीच्या दारात आलं होतं. मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली. जीभ थांबतच नव्हती. पाच महिन्यांत मी त्याला असा जागा पाहिला नव्हता. माझा हात चिमट्यासकट जागीच गोठला, आणि पुढचं मला दिसलंच नाही. फक्त चिमट्याला हिसका बसला आणि उंदीर त्याच्या वेटोळ्यात होता.

मी किंचाळले. ताई फोन हातात धरून धावत आली. नंतर कळलं, ती बाहेर नुकतंच म्हणाली होती, "मी तुझ्याशी खोटं बोलले, तो पाच महिने काही खात नाही," आणि त्यावर मी किंचाळले होते. तिला वाटलं, पाहुणा गेला. फोनच्या पडद्यावरून भाची ओरडत होती, "आई, फोन नीट धर! अगं, तो तर खातोय! आई, तो खातोय!"

आम्ही दोघी जमिनीवर बसलो. पाहुण्याने सावकाश वेटोळं सैल केलं, डोकं शोधलं आणि गिळायला लागला. कागदाचा एक तुकडा त्याच्या ओठाला चिकटला होता. पंधरा मिनिटांनी उंदराची शेपटी आत गेली. 

"काय केलंस तू?" मग ताईने विचारलं.

खोटं बोलून उपयोग नव्हता, खोलीभर वास होता. मी सगळं सांगितलं. फोनमधून भाचीने विचारलं, "एक मिनिट. स्वच्छ होता म्हणजे काय? आई, तू उंदीर धुतेस?"

"मग? असाच देऊ?"

भाची हसायला लागली. पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आई गं! त्याला जेवण वासाने कळतं. तू पाच महिने त्याला साबण वाढत होतीस!"

मीही हसले. हसू आवरेचना. ताई हसली नाही. ती उठली, पेटीवरच्या तक्त्यात 'घेतले'च्या रकान्यात तारीख लिहिली आणि पेन टोपणात घालत म्हणाली, "म्हणजे त्याला तिची आठवण येत नव्हती."

"नाही गं ताई," मी म्हटलं.

"मग मलाच येत होती," ताई म्हणाली. तक्त्याकडे बघतच म्हणाली, पण फोन चालू होता आणि भाचीने ते ऐकलं. तिचं हसणं थांबलं. "मला पण येते, आई," ती म्हणाली. दोघींनी हे एकमेकींना सांगायला पाच महिने आणि एक उंदीर लागला.

दुसरा उंदीर परत गेला नाही. तो ताईकडेच आहे, त्याचं नाव वाढपी. आता ताईची नवी पद्धत अशी: गोठवलेला उंदीर धुवायचा नाही आणि द्यायच्या आधी दोन मिनिटं वाढप्याच्या न बदललेल्या कातरणांत लोळवायचा. दोन मिनिटं म्हणजे दोनच, घड्याळ लावून. कातरणं मी ग्रंथालयातून आणते. वाढप्याचं खोकं आठवड्यातून एकदाच साफ करायचं, हे तिने स्वतःच्या हाताने तक्त्यावर लिहिलंय, आणि ते लिहिताना तिला किती यातना झाल्या हे मी पाहिलंय.

भाची आली, तीन आठवडे राहिली. पाहुणा तोवर दीड हजारावर गेला होता. तिने घरभर पसारा केला, कॉफीचे कप गादीवर ठेवले, ओले टॉवेल खुर्चीवर. ताई मागे मागे फिरत "उचल" म्हणत होती आणि मी इतकी आनंदी ताई फार वर्षांत पाहिली नव्हती. मग सुट्टी संपली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळीच पोचले, बाह्या वर करून, फडकं मारायच्या तयारीने. बादली कुठे दिसेना. ताई मुलीच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली होती. चादर चुरगळलेली, कंगव्यात केस, टेबलावर कपाचा गोल डाग. मी म्हटलं, "अजून काढलं नाहीस का? थांब, मी भिजवते," आणि उशीचा अभ्रा ओढायला हात पुढे केला.

ताईने उशी झटकन स्वतःकडे ओढली.

"हात लावू नकोस. आधी धुवून ये," ती म्हणाली. "तुझ्या खळीचा वास लागेल त्याला."

मी जाऊन हात धुतले. दोनदा.